जुना संगणक अडखळतो का?

१८९२ च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रे, त्यांच्यामागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा, एवढेच त्याचे साहित्य. पट्ट्या झरझर सरकवल्या की पडद्यावरची चित्रे हलल्यासारखी दिसत. जोडीला निवेदन, संवाद आणि गाणी. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तो १९१३ साली, म्हणजे यानंतर वीसएक वर्षांनी. चित्र, शब्द आणि स्वर एकत्र आणून लोकांपुढे मांडण्याची कला आपल्याकडे अशी जुनीच आहे. आज शाळेत तुम्ही संगणकावर जे ‘प्रेझेंटेशन’ करता, तो याच खेळाचा नवा अवतार म्हणा ना!

या दोन खेळांत एक मोठा फरक मात्र आहे. रंगवलेल्या काचेतून प्रकाश आरपार जातो आणि पडद्यावर चित्र उमटते. प्रकाशाला ते चित्र ‘वाचावे’ लागत नाही. काचेवर एक फूल असो की हजार फुलांचा ताटवा असो, दिव्याचे काम तेवढेच. संगणकाचे तसे नाही. त्याच्याजवळ चित्र नसतेच, असतात ते आकडे. प्रत्येक वेळी त्या आकड्यांवरून त्याला चित्र नव्याने तयार करावे लागते. चित्र जितके मोठे तितकी आकडेमोड जास्त, आणि ही आकडेमोड वेळेत झाली नाही की तो अडखळतो. तुमच्या भाषेत, ‘हँग’ होतो.

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न किरकोळ नाही. केंद्र सरकारची शाळांमधील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत अनेक माध्यमिक शाळांत संगणक आले. २०१५ नंतर महाराष्ट्रात गावोगावी लोकवर्गणीतूनही ‘डिजिटल वर्ग’ उभे राहिले. यांतले कित्येक संगणक आता वयस्क झाले आहेत. त्यांच्यावरील विंडोज एक्सपी या प्रणालीची देखभाल तिच्या निर्मात्यांनी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. देखभाल थांबली म्हणून यंत्र चालायचे थांबत नाही, पण शाळेत मात्र लगेच ‘हा आता भंगारात द्या’ असे म्हटले जाते. शहरातल्या शाळेला कदाचित दुसरा मिळेल. डोंगराकाठच्या वाडीतल्या शाळेत तोच एक असतो, आणि तो गेला की गेलाच.

आमच्या खेड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी अशीच एक शाळा आहे. तेथल्या नववीच्या दोन मुलींनी जगबुडी नदीवर सादरीकरण तयार केले होते. उगमाकडचा भाग, काठची शेती, भरती-ओहोटीचे पाणी, आणि २२ जुलै २०२१ चा पूर, ज्या दिवशी हीच नदी खेडच्या बाजारपेठेत शिरली. काम खरोखर मेहनतीचे होते. एकीच्या भावाच्या नव्या लॅपटॉपवर ते सुरेख चालले. शाळेच्या संगणकावर मात्र फाइल उघडायलाच तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला, सहाव्या स्लाइडला पडदा गोठला आणि पुराची चित्रफीत तर धक्के खात खात मध्येच थांबली. ‘सर, घरी तर छान चालत होतं हो!’ असे ती मुलगी मला सांगत होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. मुख्याध्यापकांनी तो संगणक निकामी वस्तूंच्या यादीत आधीच घातला होता.

आम्ही काय केले ते सांगतो. पण त्याआधी संगणकाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे.

संगणकाचा पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्यांना चित्रबिंदू (पिक्सेल) म्हणतात. शाळेतल्या जुन्या प्रोजेक्टरवर बहुधा आडवे १०२४ आणि उभे ७६८ बिंदू असतात. गुणाकार करा: ७,८६,४३२. म्हणजे आठ लाखांहून थोडे कमी. आता मोबाइलने काढलेले छायाचित्र घ्या. ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू! प्रोजेक्टरजवळ जेवढे ठिपके आहेत त्याच्या पंधरापटीहून अधिक. यांतले पंधरातले चौदा बिंदू पडद्यावर दिसूच शकत नाहीत, पण संगणकाला ते सगळे वाहावे मात्र लागतात.

‘पण सर, फोटोची फाइल तर चारच एमबीची आहे,’ असे कोणी म्हणेल. येथेच गंमत आहे. ती फाइल घडी घालून ठेवलेल्या सतरंजीसारखी असते. फडताळात ती इवलीशी जागा घेते, पण बसायचे असेल तर उलगडावीच लागते आणि मग ती खोलीभर पसरते. छायाचित्र दाखवताना संगणक ते उलगडतो. एका बिंदूच्या रंगासाठी साधारणपणे ४ बाइट लागतात. १ कोटी २० लाख बिंदूंना ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४८ एमबी. मुलींच्या सादरीकरणात अशी ३१ छायाचित्रे होती. ३१ गुणिले ४८ म्हणजे १४८८ एमबी. शाळेच्या संगणकाची स्मृती (रॅम) होती १ जीबी, म्हणजे १०२४ एमबी, आणि त्यातलाही बराच भाग संगणकाच्या मूळ प्रणालीनेच व्यापलेला. आता सांगा, पायलीच्या मापात दीड पायली भात कसा मावणार?

सगळीच चित्रे एकाच वेळी उलगडली जातात असे नाही. चतुर प्रणाली पुढची दोन-चार तयार ठेवते, मागची टाकून देते. तरीही ओढाताण व्हायची ती होतेच. आणि स्मृती पुरेनाशी झाली की संगणक एक युक्ती करतो. नको असलेला मजकूर तो हार्ड डिस्कवर ठेवून देतो आणि हवा तेव्हा परत आणतो. युक्ती चांगली, पण फार महाग. हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या या वेगाने फिरत असते. म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचक-शिर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. ते शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण सुमारे १३. स्मृतीतून मात्र तोच मजकूर एका सेकंदाच्या एक कोट्यंश भागात, म्हणजे सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळतो. तुलना केली तर फरक येतो १,३०,००० पटींचा!

हा आकडा नुसता वाचून कळत नाही. असे समजा की टेबलावरचे पुस्तक उचलायला तुम्हांला एक सेकंद लागतो. त्याच हिशेबाने हार्ड डिस्कवरचे पुस्तक आणायला १,३०,००० सेकंद, म्हणजे ३६ तास लागतील. खेडहून रेल्वेने मुंबईला जाऊन, पुस्तक घेऊन, मुक्काम करून परत यावे तसे! सादरीकरण गोठलेले असताना संगणकावरचा छोटा दिवा सारखा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. तो दिवा म्हणजे संगणकाच्या या येरझारा.

आता चित्रफितीकडे वळू. तिचे दुखणे वेगळे आहे.

१९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक चित्र, अशी सेकंदाला ३० चित्रे. बिंदूला ३ बाइट धरले तरी एका सेकंदाला १८ कोटी ६६ लाख बाइट होतात. असे कच्चे आकडे साठवायचे ठरवले तर ७०० एमबीच्या सीडीवर चार सेकंदांचीही चित्रफीत मावणार नाही. म्हणून येथे घडी फारच घट्ट घालावी लागते. एक पूर्ण चित्र साठवायचे, पुढच्या चित्रांत फक्त ‘काय बदलले’ एवढेच लिहून ठेवायचे. नदीकाठचे झाड स्थिर आहे, तर ते पुन्हा कशाला लिहा? पाणी तेवढे हलले, ते कोणत्या दिशेला किती सरकले तेवढे लिहा.

स्थिर चित्राची घडी घालण्याची रीतही मोठी सुंदर आहे. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे छोटे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे म्हणजे जणू काही लहानमोठ्या लाटांची बेरीज आहे असे मानून त्या लाटा वेगळ्या काढतात. आपला डोळा लांब, सावकाश लाटा चटकन टिपतो, पण अगदी बारीक थरथर त्याला फारशी जाणवत नाही. तेव्हा बारीक लाटांची नोंद ढोबळ ठेवली तरी चालते. या गणिताला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ म्हणतात. ते मांडणारे नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी त्यावरील शोधनिबंध १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. १९९२ साली ठरलेली छायाचित्रांची ‘जेपेग’ पद्धत याच गणितावर उभी आहे आणि चित्रफितींच्या प्रचलित पद्धतींतही याच जातीचे गणित वापरतात. तुम्ही दररोज मोबाइलवर जे फोटो पाहता, त्यांत या तीन संशोधकांचा वाटा आहे. हे पाठ्यपुस्तकात फारसे सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

घडी जितकी घट्ट, तितकी उलगडायला मेहनत. संगणकाच्या प्रोसेसरचे २ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २ अब्ज ठोके. वरच्या चित्रफितीत सेकंदाला ६ कोटी २२ लाख बिंदू असतात. भागाकार केला तर एका बिंदूच्या वाट्याला येतात अवघे ३२ ठोके. एवढ्यात तो बिंदू उलगडायचा, रंग ठरवायचा, पडद्यावर पाठवायचा आणि प्रणालीची बाकीची कामेही सांभाळायची! एका चित्रासाठी मिळणारा वेळ ३३ मिलिसेकंद. चित्र तयार व्हायला ५० लागले तर पुढच्याची वेळ केव्हाच टळून गेलेली असते. मग संगणक ते चित्र गाळून टाकतो आणि पुढचे हाती घेतो. आवाज मात्र तो सहसा तोडत नाही, कारण आवाजातला लहानसा खंडही कानाला लगेच खुपतो. म्हणून निवेदन नीट ऐकू येते आणि चित्र धक्के खाते.

नव्या संगणकांत आणि मोबाइलमध्ये हे उलगडण्यासाठी वेगळे मंडल असते, त्यामुळे प्रोसेसरला फारसा त्रास होत नाही. पण प्रत्येक मंडलाला त्याच्या काळातल्याच घड्या उलगडता येतात. ‘एच.२६४’ ही पद्धत २००३ साली आली, तिच्यानंतरची ‘एचईव्हीसी’ २०१३ साली. २००९ च्या यंत्रात २०१३ च्या पद्धतीचे मंडल असणार तरी कसे? आजचे पुष्कळ मोबाइल नेमकी हीच नंतरची पद्धत वापरतात. भावाच्या लॅपटॉपवर छान चाललेली पुराची चित्रफीत शाळेत का अडली, त्याचे उत्तर हे.

तेव्हा आम्ही पहिल्याने छायाचित्रे लहान केली. एक चूक येथे जवळजवळ सगळेच करतात. स्लाइडवरच्या चित्राचा कोपरा माउसने ओढून चित्र लहान केले की काम झाले असे त्यांना वाटते. ते चित्र फक्त लहान दिसते. आतले १ कोटी २० लाख बिंदू जसेच्या तसे राहतात. कडा कापून टाकल्या तरी कापलेला भाग फाइलमध्ये बहुधा दडून असतो. म्हणून चित्र स्लाइडवर आणण्यापूर्वीच ‘पेंट’सारख्या साध्या प्रणालीत ‘रिसाइझ’ करून १०२४ गुणिले ७६८ करावे. सादरीकरण आधीच तयार असेल तर पॉवरपॉइंटमध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ आहे, लिब्रे ऑफिसमध्ये ‘मिनिमाइझ प्रेझेंटेशन’ आहे. मूळ फोटो मात्र वेगळ्या जागी जपून ठेवा, कारण टाकलेले बिंदू परत येत नाहीत. लहान केल्यावर एका चित्राला उलगडून लागतात सुमारे ३ एमबी. एकतीस चित्रांना मिळून शंभराच्या आत.

चित्रफीत आम्ही नव्या लॅपटॉपवर ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीने बदलून घेतली: एच.२६४ पद्धत, ८५४ गुणिले ४८० बिंदू आणि सेकंदाला २५ चित्रे. सेकंदाला ६ कोटी २२ लाखांऐवजी १ कोटी अडीच लाख बिंदू झाले आणि प्रत्येक बिंदूच्या वाट्याला ३२ ऐवजी १९५ ठोके आले. वर्गाच्या शेवटच्या बाकावरून पाहणाऱ्याला यात काही कमी झाल्याचे कळलेसुद्धा नाही. हे बदलण्याचे काम जुन्या संगणकावर करू नये; तासन्‌तास लागतात आणि यंत्र विनाकारण तापते.

मग स्लाइड बदलतानाच्या करामती. एक स्लाइड विरघळून दुसरी उमटते तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक बिंदू दर वेळी नव्याने मोजावा लागतो. सेकंदाला ३० वेळा म्हटले तर २ कोटी ३६ लाख बिंदू होतात. त्या मुलींच्या ३४ स्लाइडपैकी प्रत्येक स्लाइड कुठून तरी गरगर फिरत येत होती. मला स्वतःला हा प्रकार कधीच आवडला नाही. नदीची माहिती पाहायला बसलेल्या माणसाला चक्कर कशाला आणायची? पण त्यांची नाराजी पाहून दोन ठिकाणची ठेवली, बाकीची काढली.

एवढे केल्यावर सुमारे ३८० एमबीची फाइल २० एमबीवर आली आणि बारा सेकंदांत उघडली. चित्रफीत एकदाही अडली नाही.

बाकी काही गोष्टी भराभर सांगतो. पेन ड्राइव्हवरून थेट सादरीकरण चालवू नका, आधी ते हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फार जुन्या यूएसबी खाचेचा वेग सेकंदाला जेमतेम दीड एमबी असतो. १०० एमबीची फाइल यायलाच ७० सेकंद जातात. चित्रफीत आणि सादरीकरण एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहा आणि जुन्या विंडोजवर असणारा ‘मंगल’ टंक वापरा, नाहीतर घरी नीट दिसणारी जोडाक्षरे शाळेत फुटतात किंवा त्यांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. सादरीकरणापूर्वी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि इतर काहीही उघडू नका.

आणि उष्णता! प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आपल्या कोकणात पावसाळाभर हवा दमट, उन्हाळ्यात महामार्गाची आणि मैदानाची धूळ. ही ओलसर धूळ पंख्यावर आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेले भांडे जसे निवत नाही, तसा तो प्रोसेसर निवत नाही. वर्गात शिकलेले उष्णतावहन येथे कामाला येते: कोरड्या रंगाच्या ब्रशने ही धूळ काढली की अर्धे दुखणे पळते. मात्र वायर काढून, शिक्षक समोर असतानाच पेटी उघडायची. आतला वीजपुरवठ्याचा लोखंडी डबा कधीही उघडायचा नाही. त्यातल्या धारित्रांत वीज काढल्यानंतरही भार शिल्लक राहू शकतो.

शाळेकडे थोडे पैसे असतील तर ते कशावर खर्चावेत? माझे मत विचाराल तर आधी रॅम वाढवावी, मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही, त्यामुळे १३ मिलिसेकंदांची ती येरझार साधारण एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागावर येते. देखभाल थांबलेल्या विंडोजऐवजी हलकी लिनक्स प्रणाली घालणे हाही चांगला मार्ग आहे. केरळातील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आली आहेत. जुनी विंडोजच ठेवायची असेल तर तो संगणक इंटरनेटला जोडू नये.

पण पैसे खर्च करण्यापूर्वी दुखणे कुठे आहे ते शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. सादरीकरण चालू असताना त्यात पाहा. स्मृती भरली आहे आणि डिस्कचा दिवा पेटलेलाच आहे, तर छायाचित्रे लहान करा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आहे, तर चित्रफीत किंवा करामती यांच्याकडे बोट जाते. एका वेळी एकच गोष्ट बदला, वेळ मोजा, वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

एक प्रयोग जरूर करून पाहा. मित्राला घड्याळाकडे पाहत दर सेकंदाला एक टाळी वाजवायला सांगा आणि मोबाइलवर मिनिटभर चित्रण करा. तीच चित्रफीत तीन आकारांत बदलून घ्या: १०८०, ७२० आणि ४८० ओळींची. शाळेच्या संगणकावर तिन्ही चालवा. हात एकमेकांना लागताना दिसतात ती वेळ आणि टाळीचा आवाज यांची कोणत्या आकारात, कितव्या सेकंदाला फारकत होते ते नोंदवा. चित्रण करताना मात्र मित्राच्या अगदी जवळ उभे राहा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. ३४ मीटर दूर उभे राहिलात तर आवाज मुळातच सेकंदाचा दहावा भाग उशिरा येईल आणि त्याचा दोष बिचाऱ्या संगणकावर जाईल.